रजिस्टरात नाव, खाचरात बाई

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असंही वाटत नाही. भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात तेव्हा एका ठाण्याचा प्रभारी होतो. भाताची लावणी नुकतीच आटपली होती. पासलीच्या बाजूची एक तिशीतली बाई भावाला घेऊन ठाण्यात आली. गाल सुजलेला होता.

नवऱ्याच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला होता. तिच्या क्रेडिट कार्डाने अमुक तारखेला आमच्याच हद्दीतल्या एका लॉजवर केलेल्या मुक्कामाबद्दल सवलतीची रक्कम परत जमा झाली, असा. त्याने तिला मारून घराबाहेर काढलं आणि सहा वर्षांची मुलगी ठेवून घेतली.

"साहेब, म्या कार्ड बघितलंबी न्हाई. त्या दिशी आमची सावड व्हती," ती म्हणाली. "माझी पोर तेवढी द्या."

सावड म्हणजे आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी सगळ्यांनी मिळून केलेली लावणी. मी ते कानाआड केलं आणि त्या लॉजचं रजिस्टर मागवलं. तिचं नाव, आधारची प्रत, सही, आल्याची वेळ सकाळी अकरा. सगळं जागच्या जागी. कागद खोटं बोलत नाही, हा माझा तेव्हाचा माज. नवऱ्याला बोलावून दम दिला, अदखलपात्र नोंद केली आणि तिला म्हणालो, "बाई, घरचं घरात मिटवा." ती भावाबरोबर माहेरी परत गेली.

पंधरा दिवसांनी त्याच गावची एक म्हातारी आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"त्या दिशी ती माज्या खाचरात व्हती, दिस मावळंस्तवर. बारा जणी व्हतो. तुमी इचारलं का कुनाला?"

"आजी, आधी का नाही आलात?"

"गावात लई सांगितलं. बाप्यांनी ऐकलं न्हाई. वाटलं, पोलीस तरी येतील इचाराया."

बारा जणींची नावं लिहून घेतली आणि रजिस्टर पुन्हा उघडलं. त्यातल्या आणखी तिघी त्याच दिवशी त्याच लॉजवर! चौघींच्या सह्या एकाच हाताच्या. पानाच्या तळाशी 'तपासले' असा शेरा होता आणि खाली माझी सही. आठवड्याला बीट हवालदार रजिस्टर आणायचा, मी न वाचता सही ठोकायचो.

लॉजचा मॅनेजर साळसूद होता. "गिऱ्हाईक आलं, आमी नोंद केली," एवढंच घोकत होता. मी चौघींना समोर उभं केलं. "यातली कोण कुठल्या खोलीत होती, सांग."

त्याने पाणी मागितलं. मग सगळं ओकला. शिलाई मशीन मिळवून देतो म्हणून त्याने बायकांचे कागद घेतले आणि त्यांच्या नावाने कार्डं काढली. मुक्कामाची सवलत एका कार्डावर एकदाच, म्हणून कार्डं पुष्कळ हवीत. खोटे मुक्काम दाखवायचे आणि परत आलेले पैसे खिशात घालायचे. बाकी कार्डांना त्याने स्वतःकडचे नंबर लावले. हिच्या कार्डाला मात्र आधारला जोडलेला नवऱ्याचा नंबर तसाच राहिला.

गुन्हा दाखल झाला, अटक झाली. नवरा खाली मान घालून तिला घरी घेऊन गेला. कागदाआधी माणसांना विचारावं, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर कळलं. लाज वाटते.

पुढे एकदा विंझरच्या एसटी थांब्यावर ती भेटली. "पोर मिळाली ना?" मी विचारलं.

"व्हय, मिळाली. पर शाळंत तिला लॉजवालीची पोर म्हंत्यात. रोज रडत येती. म्या ठाण्यात आले त्याच दिशी तुमी आमच्या खाचरात इचाराया आला आसता, तर हे झालं नसतं."