पांगऱ्याच्या ओढ्यातली मोटार

विठाबाईच्या डाव्या पायावर तीन गोंदणं होती. घोट्यापाशी विंचू, पोटरीवर मासोळी आणि गुडघ्याखाली तुळस. लहानपणी हौसेनं गोंदून घेतलेली. पुढं त्यांच्यावर नांदेड-लातूरच्या सडकेची रहदारी चालायला लागली. सडक लोह्याच्या पुढं पांगऱ्याच्या ओढ्यात उतरायची. ओढ्यावर पूल नव्हता, दगडी फरशी होती. ओढा भरला की फरशी पाण्याखाली जायची आणि तिचे काठ दिसेनासे व्हायचे. मग विठाबाई काठी घेऊन पाण्यात शिरायची, पुढं चालायची, आणि मागून गाडी तिच्या पाठीवर नजर ठेवून यायची. विंचू बुडाला की टांगा थांबवायचा, मासोळी बुडाली की छकडा. तुळस बुडाली तर लॉरीवाल्यालासुद्धा ती काठी आडवी धरून सांगायची, "उतर खाली, तंबाखू मळ. पाणी कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

हे काम मुळात तिच्या नवऱ्याचं, शेषेरावचं. रस्त्याच्या मुकादमानं दिलेला पितळी बिल्ला तो चामडी पट्ट्यानं दंडाला बांधायचा. सरकारी फसली सन तेराशे अडतीसच्या भादव्यात, भर दुपारी, तो एका छकड्याच्या पुढं फरशीवर शिरला. छकडेवाल्यानं पावसासाठी घोंगडी डोळ्यांपर्यंत ओढलेली. छकडा पलीकडे सुखरूप चढला. पुढं शेषेराव नव्हता.

"म्होरं गेला आसंल," छकडेवाला म्हणाला.

गावानं ओढ्याचं खालचं अंग चार दिवस धुंडाळलं. काही मिळालं नाही. महिन्याभरानं उमरीच्या बाजारातून कुणीतरी बातमी आणली, की शेषेराव किनवटच्या जंगलात दिसला, संगं बाई होती.

ती बातमी घरात शिरली आणि तिथंच राहिली. सासू कस्तुराबाई दळता दळता म्हणायची, "विठे, तुझ्यात काय आसतं तर ऱ्हायला आसता त्यो." विठाबाई रोज सकाळी कुंकू लावायची आणि लावता लावता त्याला शिव्या घालायची. मेला असेल तर ते कुंकू खोटं, जिवंत असेल तर लाजिरवाणं. पोटाला काम होतं, राहायला घर होतं. तिला हवं होतं ते एवढंच, की दोन्हींतलं खरं काय ते कळावं. नऊ वर्षं झाली, कळलं नव्हतं.

तेराशे सत्तेचाळीसच्या भादव्यात तीन दिवस पाऊस धरून होता. चौथ्या दिवशी दुपारीच दिवेलागणीसारखा अंधार झाला. विठाबाई पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन फरशीच्या अलीकडे पांगऱ्याच्या झाडाखाली उभी होती. लोह्याच्या बाजूनं दोन दिवे येताना दिसले. लॉरीचे दिवे तिच्या छातीएवढे उंच असत. हे जमिनीला चाटून येत होते. कुठलं जनावर डोळे पेटवून धावतंय असं वाटून ती झाडाच्या बुंध्यामागं सरकली.

पाणी उडवत जनावर तिच्यापाशी थांबलं. ती मोटार होती, पण अशी मोटार तिनं पाहिली नव्हती. लांब नाक, कापडी टप, दोनच माणसांची जागा. आत कोण आहे हे बघायला तिला गुडघ्यावर हात टेकून वाकावं लागलं.

"आरं, तू बसलायस का निजलायस?"

"दोन्हीच्या मधी, आक्का," आतला पोरगेला डायव्हर म्हणाला. "सडकंला गोटा आला की गाडीच्या आदी मला लागून राहिलाय."

"नाव काय?"

"भुजंग. नांदेडाकडच्या देवडीवर, सरकारांच्या वाड्यावर चाकरीला हाय. धाकट्या सरकारांनी बंबईहून आणली ही. सरकार लातूरला बसलेत, दिवस मावळायच्या आत मोटार दारात पायजे म्हणले."

"सरकारांना वडा दिसला का हा?"

"सरकारांना आजपातूर कायबी आडवं दिसलं न्हाई, आक्का."

ती पाण्यात शिरली, चार पावलं गेली, परत आली आणि पाय दाखवला. विंचू कधीच बुडाला होता. मासोळीवर ओली रेघ होती.

"छकड्याचं बी पाणी न्हाई हे. आन् तुझ्या ह्या बाईचं पोट तर विंचवाच्या खाली हाय. परत फीर."

"पाऊस काय एवढा न्हाई झाला. हितंच का तुंबलंय पाणी?"

"फरशीखाली पाणी जायला तीन मोऱ्या हायेत. मधली बुजलीय, लई वर्सं झाली. काटे, मुळ्या, गाळ. उसपायला कोण आत सरपटंल?"

भुजंगनं मान वळवून मागं पाहिलं. आत्ताच पार केलेला सडकेचा खोलगट भाग नाहीसा झाला होता. तिथं ओढ्याचंच पाणी येऊन सडकेला मिळालं होतं. गाडीची चाकं बसल्या जागी निम्मी बुडाली होती.

"मागं बी पाणी, म्होरं बी," तो म्हणाला. "हितं ऱ्हायलो तर मोटार बसल्या बसल्या भरंल. बुडाली तर मला देवडीवर तोंड दाखवता यायचं न्हाई. न्या, आक्का."

विठाबाईनं काठी उचलली. "पाठीवर नजर ठेव. आजूबाजूला बघू नगं, पान्याकडं तर बघूच नगं."

लॉरीचे दिवे वरून पडत, तेव्हा तिची सावली तिच्याच पायांशी पाण्यात असायची. आज उजेड तिच्या पोटऱ्यांमागून येत होता. समोर पावसाचा पडदा होता आणि त्यावर सावली उभी होती, तिच्या दीडपट उंच. चालताना ती सावली आपल्या पुढं पाऊल टाकते आहे, असं विठाबाईला वाटलं. तिनं काठीनं फरशीचा दगड चाचपला आणि पुढं गेली. मागं इंजिन गुरगुरत होतं.

फरशीच्या मध्यावर गुरगुर थांबली.

तिनं मागं पाहिलं. गाडी येतच होती. आवाज नाही, चाकं फिरत नाहीत, तरी येत होती, आडवी आडवी, दिवे लावून. पाण्यानं तिला अलगद उचललं होतं. भुजंग चाक घट्ट धरून वळवत होता आणि त्याचे डोळे विठाबाईवर नव्हते. तिच्या उजव्या हाताला, जिथं फरशी संपत होती, तिथं तो बघत होता, वाट दाखवणाऱ्या माणसाकडं बघावं तसा.

"भुजंग, हिकडं. मी हिकडं हाय."

त्याला ऐकू गेलं नाही. काठी टाकून तिनं मांडीएवढ्या उंचीच्या दारावरून हात घातला, त्याची कॉलर आणि मूठभर केस धरले आणि ओढलं. तो बाहेर पडला तशी गाडी हलकी होऊन फरशीवरून खाली घसरली. जड नाक आधी बुडालं, शेपूट प्रवाहाबरोबर गर्रकन फिरलं. खालच्या डोहात ती फरशीकडं तोंड करून बसली. वरून पाणी मिटलं. आत दोन दिवे जळत होते, चहाच्या रंगाच्या पाण्यात.

पलीकडच्या काठावर दोघं बसले. पाऊस उणावला.

"जीव हाय न्हवं," विठाबाई म्हणाली. "सरकार दुसरी आनतील."

"मी सांगितल्यावानीच आलो, आक्का. पाठीवर नजर ठेवून. पर तुम्ही दोघं होता."

"ती सावली माजी."

"तुमच्या डोक्यावर खोळ हाय. त्येच्या डोक्यावर काय न्हवतं. उघड्या डोक्यानं पावसात चालला होता. मधी आला आन् थांबला, आन् माज्याकडं तोंड केलं. मला वाटलं, वळायचं हितूनच."

विठाबाईनं खोळ काढून पिळली, परत डोक्यावर घेतली. "सावलीला तोंड आसतं का?" ती म्हणाली, पण त्याच्याकडं न बघता.

असल्या ओढ्यांचं पाणी जसं येतं तसं जातं. दिवस कलला तेव्हा फरशीचे दगड उघडे पडले, डोह खाली गेला. गाडीचं लांब नाक वर आलं, चिखलानं माखलेलं. दिवे अजून जळत होते. एवढ्या कमी उंचीवर दुसऱ्या कुठल्याच गाडीचे दिवे आले नसते. उजेड सरळ फरशीच्या पोटात शिरला होता. डावीकडची मोरी वाहत होती, उजवीकडची वाहत होती. मधल्या मोरीत मुळ्यांचं जाळं दिसत होतं आणि त्यात, हातभर आत, काहीतरी चमकत होतं.

"मांजर बसलंय आत," भुजंग म्हणाला.

"पान्यात मांजर?"

"डोळा चमकून राहिला बघा."

दोघं बघत राहिले. डोळा मिटला नाही.

विठाबाई उतरली. कमरेएवढ्या पाण्यातून मोरीच्या तोंडाशी गेली, स्वतःची सावली आत पडू नये म्हणून एका बाजूला झाली आणि हात घातला. काटे बाजूला केले. पितळ हाताला लागलं. पितळाखाली चामड्याची कुजकी पट्टी होती, पट्टीत एक हाड होतं. हाडाच्या पलीकडं मुळ्यांनी त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीचा तुकडा कवटाळला होता. वरच्या अंगाला पडला असेल, पाण्यानं मोरीत ओढला असेल, मागून येणारं सगळं येऊन त्याला अडकलं असेल.

तिनं बिल्ल्यावरचा गाळ अंगठ्यानं पुसला.

"आक्का?" भुजंग काठावरून म्हणाला. "काय हाय?"

"माजा मालक."

तो खाली आला, पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला. मग हळू म्हणाला, "मी कुटं बोलणार न्हाई. मोटार वडून काढू, मोरी तशीच ऱ्हाऊ दे. तुमचं कुंकू तरी ऱ्हाईल."

"आन् त्यो? त्यो किनवटाला पळालेलाच ऱ्हाऊ दे?" ती थांबली. "नऊ वर्सं ह्याच्या अंगावरून चालून राहिले मी. जाताना शिव्या, येताना शिव्या. त्यानं ऐकल्या आसतील का रं?"

तिनं मोकळ्या हातानं गावाकडं बोट दाखवलं.

"गावात जा. कस्तुराबाईचं घर इचार. शेषेराव घावला म्हणून सांग. वड्यातच होता म्हणून सांग, सगळ्यांना ऐकू जाईल आसं."

तो गेला. दिवे पिवळे पडत चालले होते. डावा विझला तशी विठाबाई उजव्याच्या बाजूनं उभी राहिली, उरलेला उजेड आतपर्यंत जावा म्हणून. लोक कंदील घेऊन आले तेव्हा उजवा दिवा निखाऱ्यासारखा तांबडा होता आणि ती मोरीत हात ठेवून उभी होती, आजाऱ्याच्या अंगावर ठेवावा तसा.

ओढ्याच्या काठावरच त्याला अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी बायका जमल्या. शेजारच्या बसम्मानं विठाबाईचं मनगट धरलं आणि बांगड्या फोडायला दगड उचलला. कोपऱ्यातून कस्तुराबाई उठली, भिंतीचा आधार घेत मधे आली.

"ठेव खाली त्यो दगड."

"रीत हाय, काकू."

"नऊ वर्सं मी हिला तोंडानं ठेचलंय. माजं लेकरू दारातल्या वड्यात, आन् मी हिला इचारत होते कुटं घालवलास म्हणून." तिनं सुनेचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बांगडी अलगद उतरवली, न फोडता. शेवटची निघेना तेव्हा तेल लावून काढली. बसम्मानं दगड खाली ठेवला.

मोटार देवणी जातीच्या चार बैलांनी ओढून काढली. भुजंगची देवडीवरची नोकरी गेली. पुढं तो लॉरी चालवू लागला, उंच बसून. मधली मोरी मुकादमाच्या माणसांनी साफ केली आणि पुढच्या पावसाळ्यात ओढा फरशीवर एकदाच चढला, तोही घोट्याएवढा. वाट दाखवायला कुणी लागेना. विठाबाई लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. जाताना फरशीवरूनच जावं लागे. मध्यावर आली की ती चपला काढून हातात घ्यायची, तेवढे चार दगड अनवाणी ओलांडायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा पायात घालायची.