अंबाड्याच्या मापाचं हेल्मेट
डोक्यापेक्षा अंबाडा जपायचा मूर्खपणा मी एकदा केलाय, आणि ओल्या चामड्याचा वास आला की तो अजून आठवतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. यांनी जुनी फटफटी घेतली, म्हणून कल्याणला लष्कराचं मोडीतलं सामान विकणाऱ्याकडे आम्ही माझ्यासाठी हेल्मेट बघायला गेलो. एक घट्ट बसणारं, पट्ट्याचं होतं, पण त्यात अंबाडा मावेना. "वेणी घाल की," हे म्हणाले. "सासरी शाळकरी पोरीसारखी वेणी? लोक हसतील!" असं म्हणून या शहाणीने आतून चामडं लावलेलं, घमेल्याएवढं ढगळ हेल्मेट उचललं. आत काय छान वारा खेळायचा! ठाकुर्लीजवळ म्हैस आडवी आली, करकचून ब्रेक लागला, हेल्मेट उडालं चिखलाच्या डबक्यात आणि माझं कपाळ शेताच्या बांधावर. घरी यांनी सगळी हकीकत सांगितली. जखमेपेक्षा सासूबाईंच्या बोलण्याच्या धास्तीनेच मी रडत होते. त्यांनी खोकेत हळद दाबली, चिखलाने माखलेला अंबाडा सोडला आणि माझी घट्ट वेणी घालत म्हणाल्या, "उद्या जाऊन ते पट्ट्याचं घेऊन ये. लोकांना काय सांगायचं ते मी बघते."