डब्यातल्या पांढऱ्या गोळ्या

आता सांगू की नको, असं करत करत ही गोष्ट मी बरीच वर्षं पोटात ठेवली आहे. पोटात ठेवली, हे मी अगदी शब्दशः म्हणतोय. का, ते शेवटी कळेल. चहा घ्या आधी.

मी जन्मभर दंतमहाविद्यालयात शिकवलं. कृत्रिम दात ज्यांचे करतात ते पदार्थ, हा माझा विषय. डिग्र्या इतक्या की पाटीवर मावेनात, आणि स्वभाव असा की कुलूप लावलं का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणार. वरचे सगळे दात पन्नाशीतच गेले. कवळी मी स्वतःच्या हातांनी केली. म्हणूनच ती सैल होती.

नाझनीन ही माझी शेवटची विद्यार्थिनी. अकोल्याची. तिचा प्रबंध झिरकोनियावर होता. दातावर बसवायच्या पांढऱ्या टोप्या ज्याच्या करतात, तो हा पदार्थ. भट्टीत जाण्याआधी तो अगदी खडू! नाझनीनने ठोकळ्यातून छोट्या गोल चकत्या कापल्या आणि बारीक पॉलिश पेपरवर जीव मुठीत धरून घासल्या. नखाने दाबलं तरी कपचा उडावा, इतक्या नाजूक. मग त्या भट्टीत पंधराशे डिग्रीला भाजायच्या. आच हळूहळू चढवायची, हळूहळू उतरवायची. एवढं नीट झालं की चकती आक्रसते, आणि मग तिला कापायला हिरा लागतो.

पण त्या वर्षांत आमच्या अमरावतीत भारनियमन. पेपरात वेळापत्रक एक, लाइट जायची वेळ भलतीच. पहिल्या खेपेला भट्टी अर्ध्यावर चढली आणि लाइट गेली. सगळ्या चकत्या वाया. दुसरी खेप अकोल्यात भाजायची ठरली, कारण तिथल्या एका लॅबमध्ये भट्टीला जनरेटर होता. ठोकळा संपलेला, नवा परदेशातून यायचा, प्रबंधाची मुदत डोक्यावर. ही खेप फुटली तर पोरीचं वर्ष गेलं.

नाझनीन म्हणाली, सर, मी नेते. मी म्हटलं, तू धसमुसळी आहेस, मीच आणतो. ती बिचारी पुढे अकोल्याला गेली. मी स्टीलच्या डब्यात कापूस घातला, त्यात चकत्या निजवल्या आणि बायकोला कॉलेजात जातो असं सांगून अकोल्याची बस धरली. मे महिना आणि माझं बीपी. खरं सांगितलं असतं तर तिने मला अंगणातसुद्धा जाऊ दिलं नसतं.

शेजारी शेवंताबाई नावाच्या बाई होत्या. नांदगाव खंडेश्वरच्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. बडनेरा मागे पडेपर्यंत मी डब्याचं झाकण किती वेळा उघडून पाहिलं, देव जाणे.

"कायच्या गोया हायेत काकाजी?"

मी म्हटलं, तुमच्या कामाच्या नाहीत, हात मात्र लावू नका.

तेवढ्यात नाझनीनचा फोन. बसच्या खडखडाटात ओरडून बोलणं आलं. मी म्हणालो, "हो, घेऊन निघालोय. नाही, घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निघू दिलं असतं का? त्या दिवशी अर्धवट राहिलं. आज काय तो सोक्षमोक्ष. अकोल्यात आता मध्ये काही येणार नाही."

तुम्हीच सांगा, यात मी चुकीचं काय बोललो?

ते दिवस कसे होते, तुम्हाला ठाऊक आहे. वऱ्हाडात सकाळचा पेपर उघडायला हात धजत नसे. फवारणीचं औषध आणि धान्यातल्या गोळ्या बायाबापड्या कुलपात ठेवू लागल्या होत्या. हे सगळं मलाही माहीत होतं. पण आपल्या मांडीवरच्या डब्याशी त्याचा काही संबंध असेल, हे एवढ्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही.

शेवंताबाई मात्र सरकून जवळ बसल्या. भाकरीचं फडकं सोडलं, ठेचा पुढे केला. मुलंबाळं किती, विचारलं. एक मुलगा, पुण्याला, मी म्हटलं. बोलतो का? रविवारी बोलतो. त्यांनी असा उसासा टाकला की मलाच मुलाची कीव आली.

"दिवस फिरतात काकाजी," त्या म्हणाल्या. "एक डाव गेला त दुसरा मियते."

मला वाटलं, बाईंना संशोधनातलं काही कळतं. मी म्हटलं, "नाही हो बाई, दुसरा आता मिळत नाही. ठोकळाच संपलाय."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि उठून कंडक्टरच्या कानाशी लागल्या. हां हां म्हणता बस गप्प झाली. पुढच्या सीटवरच्या माणसाने मला न मागता खिडकीची जागा दिली, मग काय मनात आलं कोणास ठाऊक, ती परत घेतली. मी आपला भारावलो. म्हटलं, विद्येची काय ही कदर!

मूर्तिजापूर जवळ आलं तसा कंडक्टर माझ्यापुढे उकिडवा बसला. डबा माझ्याकडे द्या, अकोल्यात परत करतो, म्हणाला. मी डबा छातीशी धरला.

"अहो, माझा जीव आहे त्यात."

शेवंताबाईंनी झाकणावर हात ठेवला. "मी मरू नाही देत तुमाले. माह्या समोर त नाहीच."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि उजेड पडल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? शांतपणे समजावून सांगावं. मी काय केलं? "हे विष नाही हो, हे बघा," म्हणत एक चकती उचलली आणि तोंडात टाकली.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बस करकचून थांबली. कोणी पाठीत गुद्दे घातले, कोणी नाक दाबलं. कंडक्टरने दोन बोटं घशापर्यंत घातली आणि जोर लावून ओढलं. चकती गेली आत. बाहेर आली ती माझी कवळी.

दातांशिवाय मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, झिरकोनिया, झिरकोनिया. पण बोळक्यातून निघायचं, "फिरकोनिया, फिरकोनिया."

"काय म्हणून राहिले ते?" मागून कोणी विचारलं.

"फिर कोई ना, म्हणून राहिले. बिचाऱ्याले कोणीच नाही वाटते."

निम्मी बस रडायला लागली.

वाचवलं नाझनीनने. तिचा पुन्हा फोन आला, तो शेवंताबाईंनी घेतला. तू याहीची कोण लागतेस, इथपासून उलटतपासणी झाली. बऱ्याच वेळाने बाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि बसला सांगितलं, "हे पोरगी म्हणते, हे दाताचे मोठ्ठे प्रोफेसर हायेत."

सगळ्यांनी कंडक्टरच्या हातातल्या कवळीकडे पाहिलं.

"मंग सोताचे असे कावून?" कंडक्टरने विचारलं. एवढ्या वर्षांत इतका बिनतोड प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

झटापटीत डबा शेवंताबाईंनी पदराखाली घेतला होता. पुढे अकोल्यापर्यंत तो त्यांच्याच मांडीवर होता. मला कोणी हातही लावू दिला नाही. अकोल्याच्या स्टँडवर त्यांनी तो नाझनीनच्या हाती दिला, आणि म्हाताऱ्याले घरी सांगून आणत जाय, असं बजावलं. वर माझ्या बायकोला स्वतः फोन लावून पहिलंच वाक्य बोलल्या, "कायजी करू नका बाई, जिते हायेत." घरी काय झालं ते विचारू नका.

डबा उघडला तर एकीचाही कपचा उडाला नव्हता. सगळ्या सुखरूप भट्टीत गेल्या, आणि हिऱ्याला दाद देतील न देतील अशा होऊन बाहेर आल्या. एक कमी का, हे नाझनीनने विचारलं नाही. पोरगी सभ्य आहे.

असं मला तोंडी परीक्षेच्या दिवसापर्यंत वाटत होतं.

बाहेरून आलेले परीक्षक माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, झिरकोनिया माणसाच्या शरीराला अपाय करत नाही, असं तुम्ही लिहिलंय. याला पुरावा काय?

नाझनीनने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि अतिशय आदराने म्हणाली, "सर, पुरावा तुमच्या शेजारी बसलाय."