टीव्हीतल्या आत्याची पाठ

नंदा पुन्हा गायब झाली. आत्ता टीव्हीभर तिचा झोपाळलेला चेहरा होता, मागे खिडकीचा पडदा हलत होता, आणि एकदम नुसता कोरा निळा पडदा उरला.

"आण्णा, माऊसला हात लावलात?" मी माजघरातून ओरडले.

"व्हय. कुस्त्यांचं मैदान लागतंय का बघत हुतो," बाहेरच्या खोलीतून सुभेदार आण्णांचा आवाज आला.

आटपाडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फौजेतून रिटायर झालेले सुभेदार आण्णा माझं जुनं गिऱ्हाईक. त्या दुपारी त्यांच्या नातीचं बारसं होतं. नंदा ही आण्णांची मुलगी, म्हणजे बाळाची एकुलती एक आत्या. तिच्या नवऱ्याचा दूर दक्षिणेत गलाईचा, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याचा धंदा. तिला दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलेलं. पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचाच. तिनं नाव ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. बाळाच्या कानी पडायच्या आधी ते कुणी उच्चारायचं नाही, ही त्या घरची रीत.

म्हणून पाळण्याशेजारी टीव्ही, टीव्हीवर नंदाचा व्हिडिओ कॉल, कॅमेरा पाळण्याच्या दांडीला. टीव्हीची केबल दारातून बाहेरच्या कॉम्प्युटरला. बारशाला पुरुषांचं आत काय काम? त्यांना बाहेर त्याच कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर कुस्त्यांचं मैदान बघायचं होतं, आवाज बंद ठेवून.

गोची इथंच होती. कॉम्प्युटरला एका वेळी एकाच विंडोकडे लक्ष देता येतं. त्याला आम्ही फोकस म्हणतो. बाहेर कुणी कुस्तीवर क्लिक केलं की फोकस तिकडे जायचा, आणि आतली फुल स्क्रीन रुसल्यासारखी खाली जाऊन बसायची.

"कुस्ती राहू द्या की आजच्या दिवस," मी म्हटलं.

"पावणं काय भिताडाकडं बघत बसतील?"

त्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, ते मीच टाकलेलं. त्यात प्रत्येक विंडोला वेगळा नियम लावता येतो. नंदाच्या विंडोला मी लावला: फुल स्क्रीनच राहायचं, सगळ्यांच्या वर राहायचं, फोकस गेला तरी खाली जायचं नाही. आण्णांनी माऊस बडवून पाहिला. नंदा हलली नाही.

"आता पक्कं," मी म्हणाले. उगाच म्हणाले.

दुपार कलली. वेखंडाचा आणि धुपाचा वास भरला होता. बायका पाळणा म्हणत होत्या. माजघरात आमच्याकडचं डाळिंबाच्या बागेवरून आलेलं ऊन होतं, टीव्हीत नंदाच्या गावचं ढगाळ ऊन होतं, आणि दोन्ही उजेड बाळाच्या गालावर मिसळले होते. मी कामाला आले आहे हे विसरूनच गेले. नंदा एवढी जवळ दिसत होती की हात लावावा वाटला.

मग ती पुढे वाकली. "कुर्रर्र..."

आत्या कुर्र करते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "आत्या ह्यात हाय म्हंजी पाठ बी ह्यातच की!" असं म्हणत बायकांतल्या सगळ्यात वयस्क, थोरल्या आक्कांनी टीव्हीच्या पाठीत एक सणसणीत ठेवून दिली. मग सगळ्याच पुढे झाल्या. केबल निसटली. टीव्ही काळा झाला.

टीव्ही गेला की त्याच्यावरची विंडो उरलेल्या स्क्रीनवर येते. नंदाची तर नियमानं सगळ्यांच्या वर. ऐन डावात कुस्ती झाकली गेली आणि नंदाचा आवाज बाहेरच्या स्पीकरमधून आला.

"आरं, पट काढला हुता की त्यानं!" कुणीतरी ओरडलं. आणि त्यावरच तिचा हळू आवाज, "तुझं नाव..."

नाव पुरुषांच्या खोलीत पडलं. मी धावत बाहेर आले. आण्णा हात वर करून उभे होते. "कुणी त्वांडातनं काढायचं न्हाई!"

ते तडक आत आले. आक्का म्हणाल्या, "आवं, हे बाप्याचं काम न्हवं."

"लेकीचा निरोप हाय. पोचवतो."

ते पाळण्यावर वाकले, कुर्र केलं आणि बाळाच्या कानात काहीतरी पुटपुटले. कॅमेऱ्यातून नंदा हे बघत होती. बाहेरच्या स्पीकरमधून ती हसत, रडत ओरडली, "आक्का, आता घावली बघा पाठ!"

बायकांनी सुभेदारांच्या पाठीत मनसोक्त धपाटे घातले. धपाटे थांबले तरी ते वाकलेलेच होते. उठले तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "सायली."

तेव्हापासून मी केबल आधी चिकटपट्टीनं बांधते, नियमबियम नंतर.

त्या दिवशी निघताना मी माऊस हातात घेतला. "आण्णा, कार्यक्रम झाला. तो नियम काढून टाकू?"

स्क्रीनवर नंदा उशीला टेकून झोपी गेली होती. कॉल तसाच चालू होता, आणि तिच्याखाली कुठंतरी मैदानही. आण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.