शेवटची बादली

"शेवटची बादली माझी." नवं मशीन बसवलं की तो खांद्यावर टॉवेल टाकून एवढंच म्हणायचा आणि सगळ्यांच्या अंघोळी उरकेपर्यंत चहा पीत बसायचा.

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. राबायचं आपण, हार त्याच्या गळ्यात.

नांदेडच्या वर्कशॉपात तो आणि मी, दोघंच इंजिनिअर. कार्बन डायऑक्साइडवर चालणारा हीट पंप बनवत होतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून होस्टेल-लॉजच्या टाकीतलं पाणी तापवायचं, म्हणजे विजेचं बिल कमी. परदेशी कॉइल परवडेना, म्हणून तांब्याची नळी वाकवून ती मी इथंच बनवली. हाताला घट्टे पडले. आणि लोक मलाच विचारणार, "ते टॉवेलवाले सर न्हाई आले?" सरळ सांगतो, मी लई जळायचो.

पहिलं मशीन लातूरला बसलं, क्लासच्या पोरांच्या होस्टेलवर. दिवस थंडीचे. लातूरकराचा नळावर भरवसा नाही. पाणी दिसलं की आधी भरून ठेवणार. पोरांनी गरम पाण्यानं बादल्या, टब, डबेसुद्धा भरून घेतले. "गरम पाणी संपलं" अशी ओरड झाली. उरलेली पोरं अंगणात तशीच उभी.

मालक म्हणाले, "उचला हे. आमचा बंबच बरा."

मी पाना घेऊन मशीनकडं पळालो. तो मात्र टॉवेल घेऊन न्हाणीत गेला, नळाखाली शेवटची बादली भरून अंघोळ केली आणि डोकं पुसत, हसत बाहेर आला. "कडक हाय, मालक. पोरांनो, उगं कशाला भरून ठेवून राहिले? पुरतंय की."

दुसऱ्या दिवशी कुणी डबा भरला नाही. सगळ्यांना पाणी पुरलं, मशीन राहिलं. पुढं हैदराबादच्या मोठ्या कंपनीनं बोलावलं, तेही त्यालाच. जाताना त्यानं हात हलवला, मी नळी वाकवत बसलो.

परवा विष्णुपुरीच्या होस्टेलवर एकट्यानं मशीन बसवलं. तीच थंडी, तसेच भरलेले डबे, तीच ओरड. मीही टॉवेल नेला होता, हट्टानं. शेवटची बादली भरली आणि पहिला तांब्या डोक्यावर घेतला.

पाणी गार होतं. नुसतं बर्फ. तीच कॉइल, तेवढीच टाकी. म्हणजे त्या दिवशी लातूरलाही गारच असणार. माझं मशीन त्यानं अंगावर काढलं होतं, आणि मला कधी बोलला नाही.

दाराबाहेर मालक वाट बघत होते. बाहेर येऊन मी म्हणालो, "कडक हाय." म्हणताना दात वाजत होते.

त्याचे लातूरला वाजलेसुद्धा नव्हते. लेकाचा, यातही पुढं गेला.