कुदळ सहज रुतावी म्हणून

चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. आणि हसताना माझ्याकडे बघू नका हो, मला अजून लाज वाटते.

मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी., तेही पहिल्या वर्गात. आणि नोकरी? पाण्याच्या खात्यात खोदाईचं मशीन चालवायची, रोजंदारीवर! कसं काय, ते विचारू नका. मुलाखतीत मला घाम फुटायचा आणि मशीनच्या केबिनमध्ये एकट्याला बसता यायचं, एवढंच सांगतो. खात्यात सगळे मला ‘प्रोफेसर’ म्हणत. कौतुकानं म्हणतात, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

पन्नाशीला टेकलो तेव्हा रायपूरच्या पलीकडे, मोकळ्या माळावर नवी राजधानी उभी राहू लागली होती. तिथल्या पाइपलाइनचं भूमिपूजन मंत्रीजींच्या हस्ते ठरलं. नेमकी त्याच आठवड्यात मला कायम करायची फाइल बडे साहबांच्या टेबलावर पोचली. फक्त एक सही! वयाची सूट शेवटची होती. ती हुकली की जन्मभर रोजंदारी.

मंत्र्यांच्या कुदळीसाठी जमीन आधी कोणीतरी तयार करून ठेवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तो कोणीतरी म्हणजे मी! आमच्याकडची भाठा जमीन लाल, दगडासारखी. नुसती कुदळ मारली तर ठण्ण करून परत येते. म्हणून पूजेच्या सकाळी मशीननं तेवढी जागा उकरायची, माती परत भरायची, वर फुलं घालायची. पाहुण्यांची कुदळ शिऱ्यात चमचा जावा तशी आत गेली पाहिजे.

सुपरवायजर साहूजी बजावून गेले, “प्रोफेसर, बस एक बित्ता ढीली करना। ज्यादा दिमाग मत लगाना।”

बित्ता म्हणजे वीत. मी वीतभर उकरलं, भरलं, स्वतः कुदळ मारून पाहिली. गेली की आत! पण मनात आलं, मी तर रोजचा खोदणारा. मंत्रीजींची म्हणे कंबर दुखते. त्यांचा हात हलका पडला तर? कुदळ उलटून कपाळावर आली तर? माझ्या फाइलचं काय? आणखी हातभर काढलं. मग वाटलं, खाली कडक थर लागला तर? शिकलेल्या माणसाला जमिनीखाली नेहमी आणखी एक थर दिसतो हो! तोही फोडला. घड्याळ पाहिलं तेव्हा खड्डा माझ्या कमरेएवढा झाला होता.

घाईघाईनं माती लोटली, वरून सपाट केली. दाबली मात्र नाही. दाबली तर नरम कशी राहणार? तेवढ्यात धूळ उडू नये म्हणून टँकरवाल्यानं दोनदा पाणी मारलं. त्यावर झेंडूची रांगोळी. वर गालिचा आणि खाली दलदल, हे फक्त मला माहीत!

मी साहूजींना गाठलं. “साहूजी, वो जगह थोड़ी ज्यादा नरम हो गई है।”

“हव, बढ़िया!”

“नहीं, मतलब... बहुत नरम।”

“अरे यार, नरम ही तो चाहिए! जा, मशीन के पास खड़ा रह। मुँह मत लटका, फोटो में आएगा।”

मंत्रीजी आले, कडेला उभे राहिले. मी देवाला म्हटलं, तिथूनच मारू दे रे बाबा. तोच फोटोवाला ओरडला, “सर, दो कदम आगे! फूल भी आने चाहिए!”

मंत्रीजी पुढे झाले आणि ठेंगणे होऊ लागले. उभेच होते, पण ठेंगणे होत चालले! गुडघ्यापर्यंत गेले तरी पंडितजींचा मंत्र चालूच.

“अरे पकड़ो!” म्हणत बडे साहब धावले. अंगानं भारी माणूस. ते थेट मांडीपर्यंत! माझी सही माझ्या डोळ्यांदेखत जमिनीत चालली होती.

शहाण्यानं एखादी फळी आणली असती. मी मशीनवर चढलो! भोंगा वाजवत, बकेट उंच धरून त्या दोघांकडे निघालो. खड्डा भरताना बकेटमध्ये अडकलेली माती वरून भसाभस गळत होती.

कोणीतरी किंचाळलं, “भागो! ये तो ऊपर से मिट्टी डाल रहा है!”

बडे साहबांनी वर पाहिलं आणि हात जोडले. “प्रोफेसर! नहीं! मैं आज ही साइन कर देता हूँ!”

मी ओरडलो, “सर, आपको निकाल रहा हूँ!” पण इंजिनाच्या आवाजात ऐकतो कोण? बकेट खाली आली तेव्हा साहबांनी डोळे मिटले होते. मंत्रीजींनीच आधी तिचे दात धरले, साहबांचा हात त्यावर ठेवला, आणि मी दोघांना अलगद वर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चौबे कॉलोनीत घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी आलेली. बायको दारातच उभी.

“मंत्र्याले पुरून राहिले होते म्हणे तुम्ही?”

“पुरलं नाही गं, काढलं!”

“पण आधी पुरलं कोणी?”

मी हातपाय धुवायला मोरीकडे पळालो.

बडे साहबांनी मात्र शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दोन कागद पडले. पहिल्यावर सही होती, मी कायम झालो होतो. दुसरा कार्यालयीन आदेश होता. यापुढे प्रत्येक भूमिपूजनाआधी ऑपरेटरनं तयार केलेल्या जागेवर स्वतः उभं राहून, सुपरवायजरसमोर पाच उड्या मारून दाखवाव्यात.

मग काय, निवृत्त होईपर्यंत खात्याचं भूमिपूजन जिथे असेल तिथे पहिल्या वर्गातला एम.एस्सी. चपला काढून झेंडूच्या फुलांवर उड्या मारत असे. आणि खरं सांगू? त्यातल्या दोन ठिकाणांहून मला दोरीनं बाहेर काढावं लागलं.