उघाडीचा टेकू

वादळ येणार अशी बातमी आली की शहाणी माणसं काय करतात ते मला ठाऊक नाही. मी ब्रेड आणतो. त्या मे महिन्यात तीन मोठे ब्रेड, मेणबत्त्यांचे दोन पुडे आणि नूडल्सची डझनभर पाकिटं घेऊन मी नालासोपाऱ्याच्या आमच्या चौथ्या मजल्यावर चढलो. बायकोने पिशवीत डोकावून विचारलं, "आणि हे शिजवायला पाणी?" वीज गेली की सोसायटीचा पंप बंद आणि पंप बंद की नळ कोरडा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वालीवच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. दर महिन्याला पंचवीस माणसांना उभं करून सुरक्षिततेवर भाषण देतो. घरी मात्र आपला सगळा आनंदीआनंद.

वादळ सोमवारी दुपारनंतर येणार होतं. कारखान्याला सुट्टी होती. बायकोने बादल्या भरायला घेतल्या आणि मी स्कूटर काढली, ती आत्याला घेऊन यायला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली. मूलबाळ नाही, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. वसईच्या खाडीकाठच्या एका गावात, पत्र्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते आणि भाताचं शेत स्वतः करते. तिच्या सासरची बाकीची मंडळी शेती सोडून फ्लॅटमध्ये गेली. "वयनी, पुरं झालं आता, तुला झेपत नाय," असं गावातलं कोणी ना कोणी तिला दर वर्षी ऐकवतं आणि ती दर वर्षी भात लावून दाखवते. पण तिच्या हातून एक जरी मोठी चूक झाली तर हे सगळं संपेल, सगळे मिळून तिला उचलून कुणाच्या तरी फ्लॅटच्या हॉलमध्ये नेऊन बसवतील, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

तिचं शेत खाडीला लागून आहे. मध्ये फक्त बांध. खाडीचं खारं पाणी शेतांत शिरू नये म्हणून जुन्या लोकांनी घातलेली ही मातीची लांबच लांब भिंत. खारं पाणी एकदा आत आलं की ते मीठ धुऊन निघायला तीन पावसाळे जातात, तोवर भात धरत नाही असं गावात म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईकडे तीन पावसाळे वाट बघायला वेळ कुठून असणार?

मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. आभाळ राखाडी झालं होतं आणि वारा मधूनच थांबत होता, मधूनच दांडगाई करत होता. मला वाटलं होतं, आत्या पिशवी भरून दारात बसली असेल. ती शिडीवर होती. घरावर आलेली शेवग्याची फांदी कोयत्याने तोडत होती.

"आत्या, उतर खाली! चल, बस स्कूटरवर. वादळ येतंय."

"ठावं हाय," ती वरूनच म्हणाली. "आयलास तं बरं झालं. ती गोनी दे वर."

मी मोबाईल काढून तिला वादळाचा नकाशा दाखवला, तो लाल-जांभळा भोवरा. तिने तो नीट पाहिला. मग म्हणाली, "बरं. मंग आता गोनी दे."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी गोणी दिली. मातीने भरलेल्या दोन-दोन गोण्या दोरीने जोडून तिने पत्र्याच्या दोन्ही उतारांवर अशा लोंबत सोडल्या, की वाऱ्याने कुठूनही जोर केला तरी पत्रा दाबलेला राहावा. मी उगाच इकडून तिकडे धावत होतो. एकदा घागर भरायला गेलो, ती अर्धवट टाकून खुर्च्या आत घेतल्या, खुर्च्या सोडून शेळ्या बांधायला निघालो. तेव्हा तिने मला थांबवलं.

"घाई कोनाला हाय? आधी उडनारं, मंग भिजनारं, मंग अंधाराचं. त्या शेल्या सोड. बांधलेल्या जनावराला पलता येत नाय."

मी पंचवीस माणसांना आणीबाणीत काय करावं ते शिकवतो, पण इतकं सोपं, इतकं पक्कं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. आणि ती त्याच क्रमाने चालली होती. उडण्यासारखं सगळं आधी खाली आलं, आत गेलं किंवा दाबलं गेलं. मग तांदूळ, गोवऱ्या आणि कागदपत्रं उंच फळीवर चढली. मग काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात, बॅटरी उशाशी, आणि घरातलं प्रत्येक भांडं पाण्याने भरलेलं, कुकरसुद्धा. तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी सकाळीच करून ठेवली होती. पळापळ नाही, आरडाओरडा नाही. गुडघा दुखतो म्हणून मध्ये मध्ये बसत होती, पण बसल्या बसल्याही दोरीला गाठी मारत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, की थोडा वेळ मी तिला घेऊन जायचं विसरलोच.

दीडच्या सुमाराला हात धुताना मी विचारलं, "आणि बांध?"

"बांध परवाच सगल्यांनी मिलून बघितलाय."

"उघाडी?"

"उघाडीची कसली कालजी? ती आपसूक मिटते."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. लाकडी झडप खाडीच्या बाजूला वरून बिजागरीवर लोंबत असते. भरतीचं पाणी तिला दाबून बंद करतं आणि ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. माणसाने काहीच करायचं नसतं. पण उन्हाळ्यात शेतं मोकळी असतात, तेव्हा कोणी कोणी झडपेखाली बांबूचा टेकू लावून ती उघडी ठेवतो, भरतीबरोबर बोय मासा आतल्या चरात येतो आणि मग जाळं लावून तो धरतात. गाव याकडे कानाडोळा करतं, फक्त एक नियम कडक आहे. ज्याने टेकू लावला त्याने तो काढल्याशिवाय तिथून हलायचं नाही. लहानपणी सुट्टीत इथे यायचो तेव्हा हा नियम मी पाढ्यांच्या आधी शिकलो होतो.

आदल्या दिवशी, रविवारी, मी मेहुण्याला घेऊन इथे आलो होतो. वादळाआधी खाडीत मासा दाटतो असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. आम्ही टेकू लावला, सात-आठ चांगले बोय धरले, तेवढ्यात त्याला घरून फोन आला आणि आम्ही निघालो. त्यातले चार मासे मी आत्याला दिले. "कुठं गावले?" तिने विचारलं होतं. "खाडीत," मी म्हणालो होतो. खोटं बोललो नव्हतो. टेकू मात्र तसाच राहिला होता.

रोजच्या भरतीला पाणी चरातच राहिलं असतं आणि परत गेलं असतं. पण आजच्या भरतीच्या पाठीशी वादळ होतं, आणि उघाडीला लागून पहिलं शेत आत्याचंच होतं.

"आत्या," मी म्हणालो, "उघाडीला टेकू आहे."

"कोनी लावला?"

"मी. काल. काढायचा राहिला."

तिने मला शिव्या घालाव्यात, थोबाडीत मारावी, असं मला फार वाटत होतं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"पंचमी हाय. पाच त्रिक पंधरा, त्याचे चार भाग. पावनेचारला भरती भरंल, वाऱ्यानं जरा आधीच. आता दीड वाजलाय." मग चुलीकडे वळत म्हणाली, "बस. चहा घेऊ."

"चहा?" मी जवळजवळ ओरडलोच. "आत्या, शेत जाईल!"

"असा धावत गेलास तं बांधावर घसरशील. मंग मी तुला काढू का टेकू काढू?"

तो चहा मी आयुष्यात विसरणार नाही. माझी बशी खडखड वाजत होती, ती शांतपणे फुंकर मारत होती. पण चहा उकळता उकळता तिने काय न्यायचं ते ठरवलं होतं. लांब दोरी, कोयता, दोन रिकाम्या गोण्या, आणि माझ्या पायातल्या चपला काढून ठेवायच्या.

बांधावर वारा उभं राहू देत नव्हता. ती पुढे चालत होती, आडवी, खेकड्यासारखी, वाऱ्याला खांदा देऊन, आणि दुखरा गुडघा घेऊनही माझ्यापेक्षा वेगाने. उघाडीपाशी पोचलो तेव्हा खाडी वर आली होती. गढूळ पाणी झडपेच्या फटीतून आत ओतत होतं आणि आतला चर काठोकाठ भरला होता. तिने दोरीचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं टोक उघाडीच्या दगडी खांबाला दोन वेढे देऊन स्वतः धरलं. मग म्हणाली, "उतर."

मी खाडीच्या बाजूच्या दगडी पायऱ्यांवरून छातीइतक्या पाण्यात उतरलो. बांबू हाताला लागला. दोन्ही हातांनी तो खेचला, पाय दगडाला लावून खेचला, तरी तसूभरही हलेना. भरतीचा सगळा दाब झडपेवर होता आणि झडपेचा बांबूवर. एक लाट तोंडावरून गेली. मी पुन्हा खेचायला लागलो.

"वढू नको!" वरून तिचा आवाज आला. आवाज मोठा होता, पण त्यात घाबरं काहीच नव्हतं. "वढून निघायचा नाय. काप!"

कोयता दोरीला बांधून तिने खाली सोडला होता. पाण्याखाली घाव बसत नव्हते, पण पाचव्या की सहाव्या घावाला बांबू तडकला आणि झडप अशी धाडकन मिटली की माझा हात तिच्यात यायचा थोडक्यात चुकला. आत येणारं पाणी थांबलं. तिने मला दोरीने वर घेतलं, म्हणजे मी चढलो आणि ती ओढत राहिली. मग आम्ही दोन गोण्यांत माती भरून झडपेच्या डोक्याशी लावल्या.

परत फिरताना मी तिच्या शेताकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात पाणी चमकत होतं. ते चरातून आलं होतं की नुकत्या सुरू झालेल्या पावसाचं होतं, ते कळायला मार्ग नव्हता. तिनेही पाहिलं. मग दोरी गुंडाळत चालत राहिली.

आता नालासोपाऱ्याला निघणं शक्यच नव्हतं. वादळ संध्याकाळपर्यंत घरावर धडका देत राहिलं. गोण्यांनी पत्रे धरून ठेवले. शेजारच्या रिकाम्या घराचे उडाले. आम्ही भाकरी-चटणी खाल्ली, तिने मला कोरडं लुगडं पांघरायला दिलं आणि माझ्या कमरेवरच्या दोरीच्या वळांना खोबरेल लावलं. वीज गेली तेव्हा तिने हात लांब करून बॅटरी लावली. चाचपडावंही लागलं नाही.

सकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही बांधावर गेलो तर गावातली तीन-चार माणसं तिथे आधीच आलेली. बांधाची देखभाल बघणारे थोरले काका उघाडीपाशी वाकून उभे होते. त्यांच्या हातात बांबूचा तुकडा होता, कापलेला.

"टेकू कोनी लावला होता?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "मी. काढायचा राहिला. म्हातारपन, इसरले."

मग काका हळू आवाजात म्हणाले, "वयनी, मी म्हनत होतो ना. आता तरी सोड शेती. भाच्या-पुतन्यांकडं जाऊन रहा." बाकीच्यांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया होती, आणि ती रागापेक्षा वाईट होती. जी गोष्ट ती इतकी वर्षं दातओठ खाऊन टाळत आली होती, ती माझ्यासाठी तिने एका वाक्यात त्यांच्या हातात दिली होती.

"टेकू मी लावला," मी म्हणालो. "रविवारी, मासे धरायला. हिला ठाऊकही नव्हतं. भर वाऱ्यात इथे येऊन, मला दोरीला बांधून तो काढवला, तो हिने."

काकांनी बांबू माझ्या हातात दिला. "मंग यंदा पावसाला संपेपर्यंत उघाडी तू राखायची," ते म्हणाले. मी हो म्हणालो. आत्या माझ्यावर चिडली. "तुला कोनी बोलायला सांगितलं होतं?" एवढं म्हणून ती बांध उतरून शेतात गेली.

खालच्या कोपऱ्यात घोटाभर पाणी साचलं होतं. ती वाकली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. पुन्हा चार पावलं पुढे जाऊन दुसरीकडचं चाखलं, मग चराच्या अगदी कडेचं. मी बांधावरून बघत होतो.

मग म्हणाली, "गोडं हाय रे. पावसाचंच हाय."

आणि ती तिथेच, शेताच्या कडेच्या चिखलातल्या मेरेवर बसली. मी जवळ गेलो तेव्हा तिचे दोन्ही हात थरथरत होते, इतके की तिने ते लुगड्यात दाबून धरले तरी थांबेनात. काल दिवसभर तिने गाठी मारल्या होत्या, दोरी धरली होती, बशी न हिंदकळता चहा प्यायला होता. ती किती घाबरली होती ते मला आत्ता दिसत होतं.

"पाणी आणू का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "बस जरा हितं."